वास तेवढा आपल्या नावावर!

(वडवणी येथे बचत गटांच्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

घरात सुवास राहावा म्हणून ठेवतात त्या पुरचुंड्या कशा करायच्या, हे शिकवायला तुम्ही मला बोलावलंत. शिकवतेच. पण आधी एक विचारते. पाहुणा घरात आला आणि त्यानं नाक मुरडलं, तर मान कुणाची खाली जाते? घर त्याच्या नावावर, शेत त्याच्या नावावर, वास तेवढा आपल्या नावावर!

मीही तुमच्यासारखीच कोयत्यावर गेलेली बाई. दसरा-दिवाळीला कुलूप लावून निघायचं, पाच-सहा महिन्यांनी परत यायचं. कुलूप काढलं की आतून कोंदट भपकारा येतो. उंदरांची घाण, ओल, गोधड्यांचा कुबट वास. गडी पारावर जाऊन बसतो, आपण पदर खोचतो. म्हणून पहिली कृती फुकटची सांगते. दारं-खिडक्या सताड उघडा, गोधड्या दोन दिवस कडक उन्हात टाका, ओल कुठून येते ते शोधा. आणि हे काम घरातल्या सगळ्यांना वाटून द्या. घाण तशीच ठेवून वर सुगंध घातला, तर दोन्ही वास मिळून तिसराच येतो.

आता पुरचुंडी. संत्र्याची, मोसंबीची, लिंबाची साल टाकू नका. आतला पांढरा भाग खरवडा आणि साल सावलीत वाळवा. मोडली की कटकन आवाज आला पाहिजे. ओलसर राहिली तर बुरशी धरते. अशी दोन मुठी साल, मूठभर वाळा, मूठभर वाळलेला कडुनिंबाचा पाला, पाच-सहा भरडलेल्या लवंगा. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधा आणि पेटीत किंवा खुंटीला ठेवा. वास कमी झाला की हातानं चुरगळा, पुन्हा येतो.

मोरीसाठी दुसरी वस्तू. काचेच्या लहान बाटलीत चार चमचे खाण्याचा सोडा घ्या, त्यात निलगिरीच्या किंवा गवती चहाच्या तेलाचे आठ-दहा थेंब टाका. तोंडाला कागद बांधून सुईनं भोकं पाडा. सोडा आंबूस वास मारतो, तेल सुवास देतं. महिन्यानं सोडा बदला. जुना टाकू नका, मोरी घासायला घ्या.

कापूर घातला तर उंच ठेवा. लेकरानं खाल्ला तर झटके येतात, जिवावर बेततं. आणि डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत कधीच ठेवू नका. काही बाळांचं रक्त त्यानं फुटतं आणि जोराची कावीळ होते.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? ऊद-धूप जाळला की झालं. सणावाराला जाळा. पण धूर तो धूरच. ज्या घरात चूल आहे आणि झरोका नाही, तिथं आणखी धूर कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० या एका वर्षात घरातल्या चुलीच्या आणि तसल्याच धुरानं जगभरात ३२ लाख माणसं गेली. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आला. पण तो पुन्हा भरायला पैसे नसले की बाई परत चुलीपुढे. तिथं पुरचुंडी कामाची नाही. तिथं झरोका पाहिजे आणि सिलिंडरचे पैसे पाहिजेत.

आता जी गोष्ट आपण कुजबुजतो, ती मोठ्यानं बोलते. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीचं कापड वाळवायला आडोसा नाही. माझ्या अंगावरून पांढरं जायचं, त्याला वास यायचा. कोपीत शेजारी कुणी बसलं की मी लाजेनं सरकायची. पावडर लावायची, डेटॉलनं धुवायची. त्यानं आग वाढली. एका डॉक्टरनं न तपासता सांगितलं, पिशवी काढून टाका. उचल घेऊन पैसे जमवायचंही ठरलं होतं. एका मैत्रिणीनं हाताला धरून दुसरीकडे नेलं. तिथं तपासलं, आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या. पिशवी अजून माझ्याजवळ आहे.

सगळ्यांना अशी मैत्रीण भेटली नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२ हजारांहून जास्त बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

थोडं पांढरं जाणं हा रोग नव्हे. पण घाण वास, खाज, रंग बदलणं, मधेच रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, हे झालं तर सुवासिक काही लावू नका. दवाखान्यात जा, तपासून घ्या. कुणी पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

वास हा निरोप असतो, बायांनो. भिंत ओली आहे, चुलीला वाट नाही, अंगात दुखणं आहे, असं तो सांगतो. निरोप ऐकून घ्या, कारण दूर करा, मग खुशाल सुवास करा. सुवासाची हौस आपल्यालाही असावी, त्यात काही वाईट नाही.

आणि पुरचुंड्या विकायच्या ठरल्या, तर किंमत लावताना साल फुकट म्हणून मजुरी फुकट धरू नका. वाळवणं, भरडणं, शिवणं यांचे तास वहीत लिहा.

चला, आता साली घ्या हातात. ज्यांच्या ओल्या आहेत, त्यांनी बाजूला ठेवा.