गिरणगावातला पाहुणा



गिरणगावात वाढलेला, महापालिकेच्या शाळेत शिकलेला आणि पुढे अभियंता होऊन परदेशी स्थायिक झालेला एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. पुष्कळ वर्षांनी तो कंपनीच्या कामासाठी मुंबईस येतो. लोअर परळला १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मॉल आहे आणि गगनचुंबी पंचतारांकित हॉटेलही आहे. कंपनी त्याची सोय तेथेच करते. नोंदणीच्या कागदावर कायमचा पत्ता म्हणून तो परदेशातला पत्ता लिहितो. ज्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याचे बालपण गेले ती तेथून पायी पंधरा मिनिटांवर होती. पण तिच्यासाठी त्या कागदावर रकाना नाही, आणि असावा अशी अपेक्षाही नाही.

वरच्या मजल्यावरच्या काचेतून तो पाहतो आणि म्हणतो, मुंबई किती सुधारली! रात्री जेवणानंतर तोच म्हणतो, मुंबई आपली राहिली नाही. दोन्ही उद्गार प्रामाणिक आहेत आणि दोन्ही फुकटचे आहेत. हळहळीवर अजून कोणत्याही सरकारने कर बसविलेला नाही.

सकाळी न्याहारीच्या दालनात पन्नास पदार्थ मांडलेले असतात. त्याचे वडील साचेखात्यात होते. लग्नापूर्वी ते एका गाळ्यात वीसजणांबरोबर राहत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी वळकटी पसरी. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. या खानावळी चालविणाऱ्या बाया बहुधा स्वतः कामगारांच्या बायका किंवा विधवा. सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायांपर्यंत नेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबला तशी खानावळींची वसुलीही थांबली. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना आपण वेतन, बोनस, बदली कामगारांचा प्रश्न हे सारे मांडतो. त्या बायांची बुडालेली उधारी कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

आता हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्याकडे वळू. त्या भाड्यात गादीची किंमत किती, नोकरचाकरांच्या मजुरीची किती आणि जागेची किती? जागेचा वाटा मोठा आहे, आणि जागा कोणी निर्माण केलेली नाही. तिचे मोल मात्र समाजाने निर्माण केले: रेल्वेने, महापालिकेच्या पाण्याने आणि तेथे राबलेल्या चार पिढ्यांनी. जमीनमालकाने काहीही न करता वाढणाऱ्या या मोलाला अर्थशास्त्रात अनर्जित वाढ म्हणतात, आणि तिच्यावर कर बसवून ती समाजाकडे वळवावी असा आग्रह जॉन स्टुअर्ट मिल याने एकोणिसाव्या शतकातच धरला होता. (मिलच्या जमिनीवर मिलचेच ऐकले गेले नाही, असे कोणी म्हणाल्यास त्याला हसून दाद द्यावी.) शिवाय कंपनी हे भाडे धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा करते, म्हणजे त्या मऊ गादीचा थोडा भार सरकारी तिजोरीनेही उचललेला असतो.

अनर्जित वाढीचा काही हिस्सा समाजाला मिळावा, ही तरतूद आपल्याकडे झाली नव्हती असे नाही. मुंबईत ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ढोबळ मानाने तिचे तीन वाटे केले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली शासनाने नियमात दुरुस्ती केली आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती ठेवली. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी शेडच. तेव्हा वाटण्यासाठी उरले किती? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका व्याख्येने जे साधले ते टाळेबंदीने साधले नसते.

त्या गृहस्थाला या सर्वाबद्दल दोषी धरण्याची सवय आपल्या कार्यकर्त्यांनी सोडावी. संघटित कामगाराच्या नियमित पगारावर आणि महापालिकेच्या शाळेवरच तो वाढला. तो चळवळीचेही अपत्य आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी जवळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली, तेव्हा दूरदेशी बसून त्याने त्या पुलाचे छायाचित्र ओळखलेच असणार. गिरण्यांच्या काळातली ती वाट आता कचेऱ्यांतल्या गर्दीला पुरत नव्हती. हॉटेलात उतरणारे मोटारीने येतात. खोल्या झाडणारे त्या पुलांवरून येतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ नालासोपाऱ्याहून भेटायला येतो. तळमजल्यावरच्या दालनात तो खुर्चीच्या कडेवर बसतो आणि चहाचा दर पाहून, नुकताच घेतलाय, असे म्हणतो. पिशवीतून तो वडिलांचे जुने तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती आणि एक संमतिपत्र काढतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आहेत. सोडती २०१२ पासून निघत आहेत. त्यांतला एक अर्ज वडिलांच्या नावे आहे. धाकट्या वारसाची सही हवी.

"कुठं मिळेल घर, दादा?"

"इथं मागतोय आम्ही. ते शेलूला देतो म्हणतात."

"शेलू कुठं आलं?"

"बदलापूर सोडायचं, मग वांगणी, आणि त्याच्या पुढं."

गृहस्थ खिशात पेन शोधतो. शेवटी ते हॉटेलच्या टेबलावरूनच आणावे लागते.