क्लच कुणाच्या पायाखाली? गाडी घेताना आमच्या घरात झालेली चर्चा

कानात हेडफोन घालून उसाला पाणी देत असाल, एसटीत खिडकीशेजारी बसला असाल किंवा पुण्यात रूमवर भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग गाडीवर आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "दादा, ऑटोमॅटिक घ्यावी का? ते एएमटी म्हणजे नक्की काय असतं?" आता मी काही मेकॅनिक नाही. पण यंदा आम्ही घरात गाडी घेतली आणि त्या नादात जे शिकलो, ते सगळं सांगतो.

आधी थोडं घरचं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय विषय कळणार नाही. आमचं गाव कळस, इंदापूर तालुका. घरी आण्णा, आई, बायको, मुलगी. मी नोकरीला पुण्यात, शनिवारी-रविवारी गावाकडं. दारात एक जुनी गाडी होती, साधी मॅन्युअल. चालवणारे दोघं, मी आणि आण्णा.

बायको शिकली होती. लायसन पण काढलेलं. पण एकदा नीरा डाव्या कालव्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. सीझनचे दिवस. मागं उसानं भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर टेपवर फुल्ल आवाजात गाणी. हिनं चालू केली, क्लच सोडला, परत बंद. गाडी मागं सरकली. ट्रॅक्टरवाला ओरडायला लागला. शेवटी त्यानंच उतरून गाडी चढवून दिली. त्या दिवसानंतर हिनं चावीला हात लावला नाही. आम्हीही "राहू दे" म्हणून विषय सोडून दिला. तिथंच आमचं चुकलं.

गेल्या हिवाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. मी पुण्यात. फोन केला तर ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली. दारात गाडी उभी, टाकीत पेट्रोल, घरात लायसन असलेलं माणूस, आणि गाडी जागची हलत नाही. शेजारच्या पोराला उठवलं, त्यानं बारामतीला नेलं. आण्णा वाचले, आता ओट्यावर बसून सगळ्यांना सल्ले देतात. पण ती वीस-पंचवीस मिनिटं बायको विसरली नाही. मी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, गाडी माझ्या पायाला जमंल अशी बघा."

आता माझ्या मनात काय होतं, ते पण प्रामाणिकपणे सांगतो. मला पाहिजे होती घरच्यांना पुरेल अशी मोठी, पण पळायला जोरदार गाडी. मोबाईलवर रात्र-रात्र व्हिडिओ बघायचो. किया कॅरेन्स, दीड लिटर टर्बो पेट्रोल, १६० पीएस ताकद, तीन रांगा. आणि त्यात आयएमटी नावाचा गिअरबॉक्स. म्हटलं, क्लच नाही म्हणजे बायको खूष, पिकअप आहे म्हणजे मी खूष. विषय संपला!

विषय संपला नव्हता. कारण "क्लच नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि शोरूममध्ये त्या कुणी नीट फोडून सांगत नाही. नीट ऐका.

पहिला प्रकार, आयएमटी. खाली क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानंच टाकायचा. गिअरच्या दांड्यावर हात पडला की सेन्सरला कळतं, की याला गिअर बदलायचाय. मग यंत्रणा स्वतः क्लच दाबते. खऱ्या अर्थानं अर्धी ऑटोमॅटिक. आपल्याकडं ही पहिल्यांदा २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूमध्ये आली.

दुसरा, एएमटी. यात गिअरबॉक्स आतून तुमच्या-आमच्या मॅन्युअल गाडीचाच असतो. तीच क्लच प्लेट, तेच गिअर. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्र करतं. डी मध्ये ठेवली की गिअर आपोआप पडतात. बहुतेक गाड्यांत मॅन्युअल मोड पण असतो, दांडा पुढं-मागं ढकलून तुम्ही स्वतः गिअर बदलू शकता. तेव्हा ही पण अर्धी ऑटोमॅटिकच.

तिसरा, पूर्ण ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ड्युअल क्लच, यांचं आतलं कामच वेगळं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढं जाते, म्हणून गाडी लोण्यासारखी निघते. पण पैसे जास्त. एएमटीसाठी मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास-साठ हजार जास्त मोजावे लागतात, यांच्यासाठी लाखाच्या वर.

एक गंमत सांगतो. हा क्लच दाबणारा यंत्राचा पाय आला कुठून? रेसिंगमधून! १९८९ साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेलनं फेरारी ६४० पळवली. स्टिअरिंगच्या मागं दोन पाती, बोटानं ओढली की गिअर बदलणार. क्लचचं पेडल फक्त सुरुवातीला निघताना. पहिलीच शर्यत आणि गाडी जिंकली. पुढं १९९७ मध्ये ते तंत्र फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत आलं. १९९९ मध्ये अल्फा रोमिओच्या १५६ मध्ये सेलेस्पीड नावानं आलं. त्याच १५६ ची एक लांब डिकीवाली स्पोर्टवॅगन होती, पोराबाळांना घेऊन जोरात जायची हौस असलेल्यांसाठी. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी! सेलेस्पीड बनवणारी कंपनी मॅग्नेटी मरेली. आणि त्याच कंपनीची एएमटी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओत आली. रेसच्या ट्रॅकवरनं निघालेली गोष्ट अशी पंचवीस वर्षांनी आपल्या बाजारात पोचली. पण येताना तिचं काम बदललं. तिकडं ती वेळ वाचवायला होती, इकडं पाय वाचवायला.

आता वॅगनचं. लांब डिकीची गाडी आपल्याकडं आधी नव्हती असं नाही. पुण्यातल्या टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट काढली, पुढं २००४ मध्ये इंडिगो मरिना आली. स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी होती. दिसायला एक नंबर, पण चालल्या नाहीत. लोकांना एक तर सेडान पाहिजे, नाहीतर सरळ सात सीटर. इनोव्हा, अर्टिगा आल्या आणि वॅगनची जागा त्यांनी घेतली. त्यामुळं आज "स्पोर्टी फॅमिली वॅगन" शोधायला गेलात, तर एक तर अशा सात सीटर दिसतात, नाहीतर चार मीटरच्या आतल्या उंच गाड्या.

मग आम्ही टेस्ट ड्राइव्हला गेलो. कुठल्या शोरूममध्ये ते महत्त्वाचं नाही. सेल्समन म्हणाला, "सर, ऑटोमॅटिक आहे, एकदम स्मूथ." मी विचारलं, "एएमटी का टॉर्क कन्व्हर्टर?" तो म्हणाला, "सर, ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक." इथं सावध व्हा. ब्रोशरमध्ये स्वतः वाचा. कंपन्या एएमटीला वेगवेगळी नावं देतात, नावावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट, ते लोक सपाट हायवेवर दोन किलोमीटर फिरवून आणतात, गाडीत दोन माणसं. तसं नाही करायचं. आम्ही सांगितलं, घरातले सगळे बसणार, एसी चालू राहणार आणि गाडी आम्ही म्हणू त्या रस्त्यानं जाणार. कुठल्या, ते तुम्ही ओळखलंच असेल. कालव्याचा पूल.

आयएमटीवाली आधी चालवली. मला तर पंख फुटले. पण बायको दोन किलोमीटर चालवून थांबली आणि म्हणाली, "क्लच गेला हो, पण कुठला गिअर टाकायचा हा विचार डोक्यातच राहिला. रात्री दोन वाजता घाबरलेली असताना मला तो विचार नको." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग एएमटी. चढावर मध्यात तिनं मुद्दाम गाडी उभी केली. ब्रेक सोडला, गाडी बोटभर मागं सरकली, हिनं रेस दिली आणि गाडी चढली. बंद पडली नाही. ती काही बोलली नाही. पुढं जाऊन गाडी वळवली आणि परत त्याच चढावर आली. असं तीन वेळा केलं. मागच्या सीटवर आई देवाचं नाव घेत होती, सेल्समन घड्याळ बघत होता. मी गप्प बसलो.

माझ्या हौसेचं काय झालं म्हणता? एएमटीत स्पोर्ट मोडचं बटण होतं. पण त्यानं इंजिनाची ताकद वाढत नाही बरं का. फक्त गाडी गिअर उशिरा बदलते, इंजिन जास्त फिरू देते. उठाव चांगला वाटतो, ॲव्हरेज खाली येतं. आणि एएमटीचा मोठा दोष म्हणजे गिअर बदलताना ती क्षणभर श्वास घेते. मान पुढं डुलते. गावातनं चालवताना काही वाटत नाही. पण दोन पदरी रस्त्यावर उसाची ट्रॉली ओव्हरटेक करायला बाहेर काढली, समोरून गाडी येतेय, तुम्ही दणकून रेस दिली आणि गाडी विचार करतेय, हे जिवावरचं आहे.

म्हणून चालवायच्या सवयी सांगतो, लिहून घ्या. ओव्हरटेकला बाहेर पडायच्या आधीच मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या, मग निघा. तरी शंका असेल तर ट्रॉलीच्या मागंच राहा. चढावर रेस देऊन गाडी धरून ठेवू नका, आतली क्लच प्लेट जळते. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. हिल होल्ड असलं तरी ते दोन-तीन सेकंदच धरतं. मोठ्या सिग्नलला न्यूट्रल करा. बहुतेक एएमटीला पार्किंगचा पी नसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करा आणि हँडब्रेक ओढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डावा पाय बाजूला घ्या! वर्षानुवर्षं मॅन्युअल चालवलेल्याचा डावा पाय क्लच शोधत जातो आणि रुंद ब्रेकवर पडतो. पहिल्या दिवशी मी असंच सगळ्यांना पुढच्या सीटवर आपटलं.

पैशाचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत आली, आधी सेस धरून २९ पडत होते. त्यापेक्षा मोठ्या गाडीला ४० टक्के. वर आपल्या महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, दहा ते वीस लाखांत १२. माझी कॅरेन्स आणि छोटी एएमटी यांच्यातला फरक ऑन रोड कागदावर लिहिला, तेव्हा लक्षात आलं की त्या फरकात शेतातलं ठिबक बदलून होतंय. ऊसबिल हप्त्यांत येतं, गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

शेवटी चार मीटरच्या आतली एएमटी घेतली. कुठली, ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात व्हायची. बारामतीचं पासिंग, एमएच ४२. आठवडाभर बायको डी सोडून दुसरीकडं गेली नाही. मी शनिवारी आलो की मॅन्युअल मोडला घेतो आणि माझी हौस भागवतो. एकाच गाडीत दोघांची गाडी, हा अर्ध्या ऑटोमॅटिकचा खरा फायदा.

परवा आण्णांची तपासणी होती. हिनं एकटीनं त्यांना बारामतीला नेलं आणि आणलं. आण्णा पुढं बसलेले. कालव्याच्या चढाला लागल्यावर सवयीनं म्हणाले, "सूनबाई, दुसरा टाका, दुसरा!" ही म्हणाली, "आण्णा, त्यानं टाकला." घरी आल्यावर आण्णांनी मला फोन केला. गाडीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "पोरगी चांगली चालवती रं. आधीच द्यायला पाहिजे होती तिच्या हातात."

तर मंडळी, बुकिंगचे पैसे भरायच्या आधी ताकद बघा, डिकी बघा, ॲव्हरेज बघा, सगळं बघा. पण एक प्रश्न घरात बसून विचारा. रात्री दोन वाजता, आपण घरी नसताना, ही गाडी कोण बाहेर काढणार? टेस्ट ड्राइव्हला पहिल्यांदा त्या माणसाला स्टिअरिंगवर बसवा. आपली हौस दुसऱ्या नंबरला. आणि ते माणूस एकदा घाबरून थांबलं असेल, तर आमच्यासारखं "राहू दे" म्हणू नका. रिकाम्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, परत चावी हातात द्या.

चला, आज इथंच थांबतो. हा भाग घरातल्या गाडी न चालवणाऱ्या माणसाला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. हळू चालवा, ट्रॉलीच्या मागं असाल तर अजून हळू. रामराम!