हजेरीपटावरचे नाव



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की बोनस, महागाई, कंत्राटी पद्धत असले काही तरी ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती वावगी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ज्या परंपरेचा आरंभ झाला, तिच्यात विषयही भारदस्तच असावयाचे. आम्ही मात्र आज एक लहानसा विषय घेऊन आलो आहोत. अंगणवाडीत किंवा पाळणाघरात आपल्या मुलाचे नाव पुन्हा पुन्हा चुकीचे लिहिले जात असेल, तर आईबापांनी काय करावे, एवढाच आमचा प्रश्न.

कोणी म्हणेल, युनियनवाल्यांना हे उद्योग कोणी सांगितले? त्याचे उत्तर मस्टरमध्ये आहे. कामगाराचे कारखान्यातले आयुष्य त्याचे नाव मस्टरवर चढते त्या दिवशी सुरू होते. टाइमकीपरने जे लिहिले ते नाव. मग तेच पगारपत्रकावर, तेच प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यावर. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालचा, पेन्शनची योजना १९९५ सालची. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होऊन आपल्याच घामाचा पैसा मागावयास जातो, तेव्हा खिडकीमागून उत्तर येते, "आधार कार्डावरचे नाव आणि आमच्या दप्तरातले नाव जुळत नाही." कुठे एक काना कमी, कुठे आडनावात इंग्रजी अक्षर जास्त. हा माणूस तोच, हे सिद्ध करण्यासाठी त्याला जुन्या मालकाची सही आणावी लागते, आणि मालकाने तर दहा वर्षांपूर्वी कुलूप लावलेले असते. अशा किती अर्जांना आमची संघटना पाय फुटल्यासारखी कचेऱ्यांतून फिरली असेल, त्याचा हिशेब नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आले, की नावाचे दुखणे म्हातारपणी कळते, पण लागते ते बालपणी. म्हणून पहिल्या हजेरीपटापासून बोलले पाहिजे.

हा पहिला हजेरीपट आपल्या देशात बहुतेक गरिबांच्या मुलांचा अंगणवाडीत तयार होतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण 'अंगणवाडी' या कल्पनेचे मूळ आपल्याच मुलखात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. आता जी संस्था आपण होऊन मुलाच्या अंगणात जाते, तिने त्या अंगणातल्या मुलाला त्याच्याच नावाने हाक मारावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. १९५९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा जाहीरनामा काढला, त्यातही जन्मापासून नाव मिळण्याचा हक्क नमूद आहे. १९८९ च्या करारनाम्यात तो पुन्हा आला, आणि १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला. तीन वर्षांच्या मुलाजवळ स्वतःचे म्हणून दुसरे काय असते? कपडे थोरल्या भावाचे, खेळणे शेजारच्याचे. नाव तेवढे त्याचे एकट्याचे.

आता चूक होते कशी, ते पाहू. शुद्धलेखन आम्ही शाळेत नव्हे, हँडबिले लिहिता लिहिता शिकलो. त्यामुळे चुकणाऱ्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण चुकांच्या जाती ओळखू येतात.

पहिली चूक लेखणीची. ह्रस्वदीर्घ, 'न'चा 'ण', जोडाक्षर फोडणे. घाईत कोणाच्याही हातून होते. सांगितले की सुधारते.

दुसरी चूक कानाची. अनोळखी नाव ऐकले की कान त्याला ओळखीच्या नावाचा सदरा चढवतो. 'हृषीकेश' हे नाव घ्या. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. पण कानाला ऋषी परिचयाचे, म्हणून वहीत 'ऋषिकेश' उतरते. यात आता इंग्रजीची भर पडली आहे. रोमन लिपीत 'न' आणि 'ण' यांना एकच अक्षर, 'ल' आणि 'ळ' यांनाही बहुधा एकच. त्यामुळे 'प्रणाली' इंग्रजीत जाऊन मराठीत परत आली की 'प्रनाली' होऊन येते.

तिसरी चूक मनाची, आणि ती खरी जड. "असले कसले नाव ठेवलेत?" असे म्हणून जो मुद्दाम विचारीतच नाही, त्याची ही चूक. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तेलुगू विणकराच्या मुलाला, भिवंडीत उत्तरेकडून आलेल्या मागवाल्याच्या मुलाला, मालेगावच्या मुसलमान घरातल्या मुलीला ही चूक अधिक भोगावी लागते. 'जैनब'चे 'जैनाब' होते, आणि बापाने दुरुस्ती सुचविली तर "तेच ते" असे उत्तर मिळते. मंडळी, हे 'तेच ते' आपल्या समाजात फार जुने आहे. एकाच गावात एकाचा रामराव होत असे आणि दुसऱ्याचा राम्या. दोघांच्याही बारशाला नाव 'राम' असेच ठेवलेले. कोणाला 'राव' लावावयाचे आणि कोणाला 'या', हे जात पाहून ठरे. नाव नीट न उच्चारणे हा अपमानाचा सर्वांत स्वस्त प्रकार होता. त्याला काठीही लागत नसे. म्हणून अशा घरातली आई नावासाठी अडून बसते, तेव्हा तिला हट्टी म्हणू नये. ती मागच्या चार पिढ्यांचे थकलेले येणे वसूल करीत असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. विशेषनामाला व्याकरणाचा कायदा लागत नाही. आईबापांनी जन्मनोंदीत जसे लिहिले तसे ते शुद्ध. पंडितांना ते अशुद्ध वाटले तरी हजेरीपटावर तसेच आले पाहिजे.

आता एक हकीकत सांगतो. तयार कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका सभासद भगिनीने मुलीचे नाव 'शर्वरी' ठेवले होते. शर्वरी म्हणजे रात्र. मुलगी रात्रपाळीच्या दिवसांत झाली म्हणून हौसेने ठेवलेले. अंगणवाडीच्या वहीत तिची 'शर्वाणी' झाली. वजनाच्या कार्डावर 'शरवरी'. आईने एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले. तिसऱ्या खेपेस मुलीला 'शर्वाणी' अशी हाक आली. ती काही बोलली नाही, आणि गैरहजेरी लागली. घरी येऊन पोर म्हणाली, "आई, आज मी गेलेच नव्हते, बाई म्हणाल्या." त्या एका वाक्याने आई पेटली. सेविकेला कामावरून काढा, असा अर्ज घेऊन ती आमच्या कचेरीत आली.

आमच्यापुढे पेच होता. अर्ज करणारी आमची सभासद, आणि अंगणवाडीच्या सेविकाही आमच्याच चळवळीतल्या. अर्ज वाचला. त्यात लिहिले होते, 'अंगणवाडीची बाई'. आम्ही विचारले, "ताई, बाईंचे नाव काय?" तिला ठाऊक नव्हते. बरोबर आलेल्या दोघींनाही ठाऊक नव्हते. दोन वर्षे मूल जिच्या स्वाधीन केले, तिचे नाव वस्तीत कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे-चौघे अंगणवाडीत गेलो. सेविकेने पत्र्याच्या पेटीतून वह्यांची चळत काढली. हजेरीची निराळी, आहाराची निराळी, लसीकरणाची निराळी, गृहभेटींची निराळी. शिवाय मोबाइल. ती म्हणाली, "अहो ताई, मोबाइलमध्ये मी नाव इंग्रजीत भरलं, मग तिथलं बघून वहीत उतरवलं. माझं चुकलंच. पण मला इथे चौदा वर्षं झाली. तुम्ही मला तरी नावाने कधी हाक मारलीत?" आई गप्प झाली. मग तिने पिशवीतून जन्माचा दाखला काढला आणि सेविकेपुढे धरला. वही आणि कार्ड त्याच दिवशी दुरुस्त झाले. मोबाइलमधली नोंद वरच्या कचेरीतून दुरुस्त व्हावयास पुढे काही महिने गेले. अर्ज मात्र आईने फाडला नाही. त्यातली कामावरून काढण्याची मागणी खोडून तेथे 'नावे मराठीत भरण्याची सोय करा' असे लिहिले. आमच्या मते त्या अर्जाची किंमत तेव्हा वाढली.

ही सेविका कोणत्या परिस्थितीत काम करते, तेही श्रोत्यांनी जाणून घ्यावे. तिला मिळते त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणते. तिला ग्रॅच्युइटी लागू आहे, एवढे मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २५ एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. म्हणजे योजना सुरू होऊन सेहेचाळीस वर्षे उलटल्यावर. २०२१ साली 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकामी मोबाइल सरकारला परत केले. ॲप मराठीत नाही, हीही त्यांची तक्रार होती. तेव्हा अनेकांना वाटले, बायकांना काम टाळावयाचे आहे. वस्तुतः सेविका मराठी मागत होत्या, त्यात तुमच्या मुलाच्या नावाचा 'ण' आणि 'ळ' होता. सेविकेच्या मागण्या आणि मुलाचे नाव या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

याचा अर्थ आईबापांनी गप्प बसावे असा मुळीच नाही. "बिचारीला किती काम" म्हणून मुलाचे नाव सोडून देणे ही दया नव्हे, आळस आहे. मागणी ठाम असावी. रोख मात्र नेमका असावा. आमच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

नाव तोंडी सांगून थांबू नका. पहिल्याच दिवशी कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या, सोबत जन्मदाखल्याची प्रत जोडा. आधी तो दाखला स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. मुलाचे नाव जन्मनोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे अनेक कामांना हाच दाखला आधार धरला जातो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाच्या नावामागोमाग आईचे नाव यावयाचे, मग वडिलांचे. म्हणजे आता दोन पिढ्यांची नावे एका ओळीत आहेत, दोन्ही तपासा.

चूक दिसली तर मुलासमोर भांडू नका. आपल्या नावावरून मोठी माणसे हमरीतुमरीवर आली, तर मुलाला आपल्या नावाचीच भीती बसते. वर्ग सुटल्यावर बोला. मुलाला मात्र शिकवा, की चुकीची हाक आली तर उभे राहून, "बाई, माझे नाव असे आहे," असे म्हणावयाचे. हे उद्धटपणात मोडत नाही. हक्क मागण्याचा पहिला धडा यापेक्षा सोपा दुसरा नाही.

दुरुस्ती खाडाखोड करून करवून घेऊ नका. नोंदणीच्या कायद्यानेच चांगली रीत घालून दिली आहे : मूळ नोंद न बदलता समासात दुरुस्ती लिहावी, खाली सही आणि तारीख घालावी. तीच रीत अंगणवाडीच्या वहीतही चालवावी; पुढे कोणी वाद काढला तर समास साक्ष देतो.

दोनदा सांगून झाले नाही तर लेखी द्या. प्रथम मुख्यसेविकेकडे, मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. पत्रात 'नाव दुरुस्त व्हावे' एवढेच मागा. कोणाची भाकरी मागू नका. एकट्याने जाण्यापेक्षा पाच पालकांनी मिळून जावे, कारण एकाचे नाव चुकले असेल तेथे आणखी चौघांचे चुकलेले असतेच. खाजगी पाळणाघर असेल तर चालकांशी बोला. आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सोय बंधनकारक झाली होती, हेही लक्षात ठेवा. ती सोय मेहेरबानी म्हणून मिळालेली नाही. तेथे नाव नीट लिहून मागताना ओशाळण्याचे कारण नाही.

आणि शेवटची गोष्ट. उद्या सकाळी मुलाला सोडावयास जाल, तेव्हा सेविकेचे आणि मदतनीस बाईंचे नाव विचारा. ते नीट कसे लिहावयाचे तेही विचारा, आणि घरी मुलाला सांगा. ज्या वस्तीत सेविकेला नाव आहे, तेथे मुलाचे नाव चुकीचे राहणे कठीण आहे; कारण तेथे दोन माणसे एकमेकांशी बोलत असतात. कामगार चळवळीने आम्हांला एवढेच शिकविले, की यादीतला आकडा होण्याचे नाकारणे ही माणसाची पहिली मागणी. ती मागणी तुमचे तीन वर्षांचे मूल करू शकत नाही. ती तुम्ही करावयाची आहे, सेविकेच्या समोर उभे राहून नव्हे तर तिच्या शेजारी उभे राहून.