दोन तित्तिर, दोन ठिकाणं

हरियाणात नेमणुकीवर असताना मी दोन तित्तिर कानांनी ओळखायला शिकलो. दोघंही जमिनीवर राहणारे, चाहूल लागली की उडण्याआधी पळणारे. त्यामुळे दिसतात कमी, ऐकू येतात जास्त.

राखी तित्तिर आपल्या महाराष्ट्राच्या माळावरही आहे. नर-मादी सारखेच दिसतात. त्याला कोरडी, काटेरी झुडपं लागतात. रात्री झोपतोही काटेरी झाडावर. काळा तित्तिर उत्तरेकडचा, हरियाणाचा राज्यपक्षी. नर काळाभोर, गालावर पांढरा ठिपका, गळ्यात तांबूस पट्टा. मादी मात्र तपकिरी. त्याला उंच गवत, कालव्याचा काठ, उसाचं शेत आवडतं. त्याच्या ओरडण्यात तिकडच्या लोकांना ‘सुभान तेरी कुदरत’ ऐकू येतं.

आमच्या छावणीमागे बाभळीची झुडपं होती. साफसफाई म्हणून मी ती तोडायला लावली. वाटलं, तित्तिर तो तित्तिर, जाईल शेजारच्या कालव्यावरच्या गवतात. पुढच्या वसंतात कालव्यावर काळा ओरडत होता. राखीचा आवाज मात्र त्या बाजूनं आलाच नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्यांना बंदुकीपासून संरक्षण दिलं. माझ्या हुकमात बंदूक नव्हती, फक्त कुऱ्हाड होती.

म्हणून सांगतो, एखाद्या माळाला ‘पडीक’ म्हणण्याआधी पहाटे तिथं अर्धा तास उभे राहा. कोण राहतं ते ऐका. मग ठरवा. जय हिंद.