हडळीचीही बाजू ऐकू या

हातात काम असेल तर ते चालू द्या. कान तेवढे इकडे द्या.

आज आपण बोलणार आहोत गोष्टींबद्दल. त्याही साध्या नव्हे, भुताखेताच्या आणि प्रेमाच्या गोष्टींबद्दल. आपल्या लेकीसुना रात्री मोबाईलवर काय वाचत बसतात, कधी विचारलंय का? प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत अशा कादंबऱ्या भाग भाग करून येतात. त्यांतली नायिका पुण्यामुंबईत फ्लॅटमध्ये राहते, लोकलनं ऑफिसला जाते. पण ती असते यक्षिणी, नाहीतर नागीण. तिचा जीव एका साध्या माणसावर जडतो. आता खरं सांगावं तर तो घाबरून पळेल, आणि लपवावं तर ते खोटं होईल. असा पेच घेऊन ती शेवटच्या भागापर्यंत चालत राहते.

तुम्ही म्हणाल, ही शहरातली नवी थेरं. पण तसं नाही बरं. महाभारतातली हिडिंबा आठवा. ती राक्षसीण. भावानं तिला पाठवलं ते झोपलेल्या पांडवांना मारून आणायला. तिनं जागा असलेला भीम बघितला आणि तिचं मन फिरलं. सुंदर बाईचं रूप घेऊन ती त्याच्यापुढं गेली आणि भाऊ खायला येतोय हे खरं खरं सांगून टाकलं. एकीकडं सख्खा भाऊ, दुसरीकडं आवडलेला माणूस. तिचा भाऊ भीमाच्या हातून मेला. लग्नाला होकार मिळाला तोही मूल होईपर्यंतचा. घटोत्कच झाला आणि पांडव पुढं निघून गेले. हिडिंबा मागं राहिली. हिमाचलात मनालीला तिचं लाकडी देऊळ आहे, १५५३ सालचं. तिथं लोक तिला देवी म्हणून हात जोडतात. म्हणजे एकाच बाईला कुणी राक्षसीण म्हणतं, कुणी देवी.

टीव्हीवरची 'नागीन' तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी बघितली. २०१५ साली सुरू झाली ती. शिवन्या आईबापाच्या खुनाचा बदला घ्यायला एका मोठ्या घरात शिरते आणि त्याच घरातल्या रितिकवर तिचं मन बसतं. २०२५ साली मल्याळम भाषेत 'लोका' नावाचा सिनेमा आला. त्यात केरळच्या दंतकथेतली यक्षी, नीली, आजच्या बेंगळुरूत राहते आणि समोरच्या घरातला पोरगा तिच्यावर भाळतो. भाषा निराळी, पण पेच तोच.

मग आम्ही आपसात विचार केला, या गोष्टी बायकांना एवढ्या का आवडतात? भीती वाटते म्हणून? ती तर जुन्या गोष्टींतही होती. वडाखाली हडळ बसते, तिचे पाय उलटे असतात, हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलं. पण त्या गोष्टीत हडळ स्वतः कधी बोलली का? नाही. बोलतो तो तिला बघून पळालेला माणूस.

आणि हडळ होते कोण? जुनी माणसं सांगायची, बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. विचार करा बायांनो. जी बिचारी वेळेवर दवाखान्यात पोचली नाही, जिचं रक्त गेलं, जिचं लेकरू पोरकं झालं, तिचीच भीती आपल्याला घातली. गाडी का मिळाली नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

नव्या कादंबरीत फरक पडला तो इथं. तिथं ती बाई स्वतः बोलते. मला हे अंगातलं बळ नको होतं, मला कुणाला दुखवायचं नाही, मला घर पाहिजे, असं ती सांगते. आपण ऐकतो आणि तिची भीती जाते, माया वाटायला लागते. बाई तीच, फक्त तिची बाजू कळलेली असते.

आता गोष्टीतून गावात येऊ. कारण गोष्टीतली यक्षिणी खोटी आहे, पण बाईवर ठेवलेला ठपका खरा असतो. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, की बोट जातं एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडं, नाहीतर विधवेकडं. "तिची नजर वाईट." "तिनंच करणी केली." मग तिच्या दारात कुणी थांबत नाही, हळदीकुंकवाला बोलावणं नाही, मजुरीला हाक नाही. या गोष्टीत तिला बोलायला पान मिळत नाही.

म्हणून कायदा ठाऊक असू द्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. अमुक बाई करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळं रोगराई येते, असं म्हणून तिचं जगणं अवघड करणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ७ वर्षं. दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. जनावराच्या दुधाचा उल्लेख कायद्यातच आहे बरं का. म्हणजे हा ठपका किती घरांतून गेला असेल बघा.

पण पोलिसांच्या आधी आपण पोचू शकतो. कुजबुज कानावर आली की त्याच दिवशी गटातल्या दोघी-चौघी तिच्या घरी जाऊन चहा पिऊ. सगळ्या गावाला दिसेल असा, ओट्यावर बसून. आजारी लेकराला अंगारा लावत बसण्याऐवजी आशाताईंना बोलावून दवाखान्यात नेऊ. म्हशीला जनावरांच्या डॉक्टरला दाखवू. त्या बाईला गटाच्या बैठकीत बसवू. आणि धमकी, मारहाण झाली तर ११२ नंबर लावू.

लेकीसुनांना मात्र त्या कादंबऱ्यांवरून रागावू नका. त्यांनाच म्हणा, बाई, एक भाग मोठ्यानं वाचून दाखव. पुढच्या बैठकीत वाचन झालं की एवढंच बोलू: ही गोष्ट घाबरलेल्या माणसानं सांगितली असती तर कशी झाली असती, आणि ती स्वतः सांगते म्हणून कशी झाली? मग आपल्या गावातली अशी कोण आहे, जिची गोष्ट आजवर दुसऱ्यांनीच सांगितली, तेही आठवून बघू. नाव चारचौघांत घ्यायची गरज नाही. उठून तिच्या घरी गेलं तरी पुरे.

पुन्हा भेटू, याच वेळी. तोवर सांभाळून राहा. रामराम.