संकासुराच्या समोर बसा

(तरुण जलसाकारांपुढे मालवणात केलेले भाषण)



आपल्या कार्यक्रमांत एक रोग शिरलाय. गायक येतो, आपली दोन गाणी म्हणतो, टाळ्या घेतो आणि पुढचा उभा राहायच्या आत चहाच्या टपरीवर. दुसऱ्याचं ऐकतच नाही. असा कलावंत फार टिकत नाही. तो लवकरच स्वतःची नक्कल करायला लागतो.

आणि नुसतं आपल्यातल्यांचंच बघू नका. या जिल्ह्यात राहता आणि दशावतार बघत नाही? तुम्ही म्हणाल, देवळातली जत्रा, देवादिकांची थोतांडं, आपल्याला काय करायचंय? करायचंय! मागे एखादा पडदा, एक बाकडं, बाजूला हार्मोनियम, पखवाज, झांज. लिहिलेलं नाटक नाही. कथा तेवढी ठरलेली, बोलणं जागच्या जागी सुचायचं. समोरचा काय बोलला ते कान देऊन ऐकलं नाही तर जबाबच देता येत नाही. लुगडं नेसलेला पुरुष मध्यरात्री रडतो आणि खालची बाई डोळे पुसते. तो श्वास कुठे घेतो, कुठे गप्प राहतो, हे पुस्तकात मिळत नाही. समोर बसावं लागतं.

आडदशावतारातला संकासुर तर बघाच. अंगभर काळा. वेद चोरणारा. बाकीचे पुस्तकी मराठी बोलतात, हा मालवणीत त्यांची टर उडवतो. शेवटी विष्णू त्याला मारतो, कारण कथा त्यांची आहे. पण लोक हसतात ते कुणाच्या बाजूने, हे नीट बघा. ज्यांना वेद ऐकायचीही बंदी होती, त्यांच्या पोरांनी वेद चोरणाऱ्याकडे पाठ फिरवायची? त्याची आपल्या बाजूची कथा कोण लिहिणार?

अण्णाभाऊ तमाशाच्या फडात वावरले. १९४४ साली अमर शेख, गव्हाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथक उभं केलं. गणातला गणपती काढून तिथे मायभूमी आणि कष्टकरी आणला. तमाशा नेमका कुठे मोडायचा हे त्यांना कळलं, कारण तो रक्तात भिनला होता. भीमराव कर्डकांनीही तमाशाचाच बाज घेऊन बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. जे बघितलंच नाही ते मोडणार कसं?

आपल्या आज्यांनी कुठे उभं राहायचं हे जात ठरवायची. म्हणून मागे अंधारात उभे राहू नका, पुढे बसा. चवदार तळ्याचं पाणी जसं हक्काचं, तसा रात्रीचा हा खेळही हक्काचा. देवाला हात जोडायचे नाहीत. नटाला मात्र टाळी द्यायची, मनापासून. तोही आपल्यासारखाच घाम गाळून पोट भरणारा माणूस आहे.

बघा, शिका, आणि मग आपलं उभं करा.

जय भीम!