लॅपटॉपमधली पेटी
(रेडिओवरील भाषण)



इंदापूर-बारामतीकडं गावोगावी भजनी मंडळं आहेत, आणि भजन म्हटलं की पेटी आलीच. शिकायला बसणारी पोरं बरीच असतात, पेटी मात्र एकच असते, आणि भजन संपलं की ती कपाटात जाते. घरी एखादा जुना लॅपटॉप असेल, तर त्यावर लिनक्स घालून पट्ट्यांचा रियाज करता येतो आणि सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. आज त्याबद्दल सांगणार आहे. पण फुकट मिळतं, एवढ्यावर मी थांबणार नाही. या पेटीचं पोट उघडं आहे, तिचा सूर आपल्याला लावता येतो. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

पेटीविषयी रेडिओवर बोलताना एक जुनी गोष्ट आठवायलाच हवी. १९४० साली याच रेडिओनं पेटीला दार बंद केलं होतं. आक्षेप मुख्यतः दोन होते. पेटीतून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, आणि तिचे सूर पाश्चात्त्य पद्धतीच्या सारख्या अंतरांवर बांधलेले असल्यामुळे आपल्या रागांतल्या सुरांशी जुळत नाहीत. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मधल्या काळात महाराष्ट्रानं पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकानं तिला मैफलीत मान मिळवून दिलेलाच होता, आणि नाट्यसंगीत तर ऑर्गनच्या साथीवर वाढलेलं. तरीही आक्षेपात तथ्य होतं, आणि लॅपटॉपच्या पेटीलाही तो लागू पडतो. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी पेटी वाजती करू.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारातून तीन गोष्टी घ्यायच्या. पहिली, व्हीएमपीके, म्हणजे व्हर्च्युअल मिडी पियानो कीबोर्ड. ही पडद्यावर पट्ट्या दाखवते. दुसरी, क्यूसिंथ. तिच्या आत फ्लूइडसिंथ नावाचं ध्वनियंत्र चालतं. तिसरी, साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या नमुन्यांची फाइल. फ्लूइड आर-थ्री नावाची फाइल दीडशे एमबीच्या आसपास आहे आणि सुरुवातीला पुरते.

पुष्कळजण इथं अडकतात. व्हीएमपीके उघडतात, पट्टी दाबतात, आवाज येत नाही, आणि लॅपटॉप बिघडला असं धरून चालतात. बिघडलेलं काही नसतं. पट्ट्यांच्या या कार्यक्रमाला स्वतःचा आवाजच नाही. तो फक्त आकडा पाठवतो : साठ नंबरची पट्टी दाबली, साठ नंबरची सोडली. १९८३ साली आलेली मिडी ही भाषा अशी आकड्यांचीच आहे. आकड्याचा सूर करायचं काम क्यूसिंथचं. म्हणून क्यूसिंथच्या सेटअपमध्ये साउंडफाँट भरायचा, आणि व्हीएमपीकेच्या मिडी जोडणीत आउटपुट म्हणून फ्लूइडसिंथ निवडायचा. जोडणी झाली की लॅपटॉपची कळ दाबा. खालच्या ओळीतली झेड म्हणजे पांढरी एक, तिच्या वरची एस म्हणजे काळी एक. व्हीएमपीकेच्या यादीत १२८ वाद्यं आहेत. पहिला पियानो, एकविसावं रीड ऑर्गन, एकशे पाचवी सतार. पेटीच्या हाताला रीड ऑर्गन जवळचा वाटेल. गाणाऱ्याचा षड्ज काळी एक असेल, तर ट्रान्सपोजचा आकडा एकनं वाढवा, बोटं पांढरी एकवरच राहू द्या.

दोन मर्यादा आधीच सांगून ठेवतो. लॅपटॉपच्या कळेला जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. आणि एका वेळी तीन-चार कळा दाबल्या, तर एखादी गिळली जाते. बोटं बसू लागली की यूएसबीचा छोटा मिडी कीबोर्ड जोडावा. बहुतेक कीबोर्ड लिनक्स वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखतं.

आता उशिराचा प्रश्न, म्हणजे कळ दाबल्यावर सूर जरा मागून येतो तो. तुकोबांच्या पालखीचं रिंगण आपल्याकडं बेलवाडीला होतं, इंदापूरलाही होतं. तिथं दूरच्या टाळकऱ्याचा हात खाली येताना दिसतो आणि टाळ जरा मागून ऐकू येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सात मीटरला वीस मिलिसेकंद. लॅपटॉपमध्येही असा उशीर होतो, पण त्याचं कारण वेगळं. यंत्र आवाजाचे तुकडे साठवतं आणि साठा भरला की स्पीकरकडे सोडतं. सेकंदाला ४८,००० तुकडे धरले आणि साठा १,०२४ चा असला, तर एकवीस मिलिसेकंद तिथंच गेले. म्हणजे तुमची पेटी सात मीटर लांब ठेवल्यासारखी झाली. साठा २५६ वर आणला की उशीर पाचावर येतो. क्यूसिंथच्या ऑडिओ सेटिंगमध्ये हे दोन आकडे असतात, साठ्याचा आकार आणि साठ्यांची संख्या. दोन्ही हळूहळू कमी करत जा. आवाज तडतडायला लागला की एक पायरी मागं या, तुमच्या लॅपटॉपची मर्यादा तीच. आणि ब्लूटूथचा हेडफोन रियाजाला वापरू नका, त्यात एक-दोन दशांश सेकंद सहज जातात. तारेचा बरा.

आता १९४० चा आक्षेप. मींडेसाठी मिडीत पिच बेंड आहे. त्याला सोळा हजारांहून अधिक पायऱ्या आहेत, आणि व्हीएमपीकेत त्याची पट्टीच दिलेली आहे. माऊसनं ओढून गवयाची मींड निघेल असा दावा मी करणार नाही, पण दोन सुरांच्या मधली जागा हाताशी येते.

सुरांच्या बाबतीत मात्र उत्तर पक्कं आहे. सारख्या अंतरांच्या सप्तकात षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तंबोरा नीट जुळला की त्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर. चौदा सेंटांचा फरक तयार कानाला लगेच टोचतो. लाकडी पेटीत तो मिटवायचा, तर कारागिराला सूर खरवडावा लागतो, आणि खरवडलेला गंधार एकाच षड्जाला चालतो. फ्लूइडसिंथ टर्मिनलमधून चालवला, तर दर पट्टीचा सूर आकड्यात सांगता येतो. षड्ज साठ नंबरवर असेल, तर गंधाराची पट्टी चौसष्ट. तिचा मूळ सूर ६,४००, तो ६,३८६ करायचा. वरच्या सप्तकातला गंधार शहात्तर नंबरचा, त्याला वेगळं सांगायचं. पांढरी एकची जुळवणी निराळी, काळी चारची निराळी, दोन्ही फाइलींत जपून ठेवायच्या.

हे करता येतं, कारण हे सगळं खुलं सॉफ्टवेअर आहे. विकतच्या कीबोर्डमध्ये कारखान्यानं जे सूर भरले, ते बदलायची सोय बहुधा नसते, आणि असली तरी त्यांनी ठरवली तेवढीच. इथं कुलूप नाही. म्हणून मुलांना शिकवणाऱ्या बुवांना माझं सांगणं आहे, लॅपटॉपची पेटी ही पेटीची गरिबाघरची नक्कल समजू नका. तिच्यावर एक धडा असा देता येतो, जो देवळातल्या पेटीवर देता येत नाही. तंबोरा सुरू करा, आधी ४०० चा गंधार वाजवा, मग ३८६ चा, आणि कोणता मिसळला ते पोरांना विचारा. उत्तर त्यांना देऊ द्या.